कारागांदाचा कागद

अत-बाशी, १२ जुलै २००२

वन्संना वहिनीचा सलाम.

मंगळवारच्या टपालाने काय काय आलं ते आधी लिहिते, म्हणजे राहून जायला नको. शिमकेंतच्या विद्यापीठाचं पाकीट एक, त्याचं काही पडलं नाही. कारागांदाच्या विद्यापीठाचं पाकीट एक, त्यांनी तिकीट कमी लावलं होतं, अकरा सोम मला भरावे लागले. तुमचं पत्र एक. बसवाल्याच्या हाती दिलेल्या पिशवीत चहाचे दोन पुडे, आईंच्या खोकल्याची बाटली आणि माझ्या मेरिमसाठी केसांच्या पिना. बसवाला तीस सोम मागत होता, वीस दिले. मेरिमने पिना लावल्या त्या अजून काढलेल्या नाहीत. आत्याने पाठवल्या म्हणून गल्लीभर दाखवून आली.

टपालकचेरीत राइसाने दोन्ही पाकिटं उलटीपालटी करून पाहिली आणि चार बायकांदेखत म्हणाली, "घे, तुझी लेक डॉक्टरीण होणार." मी म्हटलं, वन्संची पाकिटं आहेत, सही कुठे करायची तेवढं सांग. तर म्हणते, "पोटची पोर, आणि म्हणे वन्सं. तुमच्या घरात गाईलासुद्धा वासराची वहिनी करून ठेवतील." बायका हसल्या. मीही हसले. राइसा तातार आहे, तिच्याकडे पहिलं मूल आजीच्या मांडीवर घालत नाहीत. आपल्याकडे घालतात. तुम्ही चाळीस दिवसांच्या असताना आईंच्या मांडीवर गेलात, बोलायला लागल्यावर त्यांना आई म्हणालात, माझ्या नवऱ्याला दादा आणि मला वहिनी. मीही तुमचं नाव घ्यायचं सोडलं, कारण सासरच्या माणसाचं नाव सून घेत नाही. यात हसण्यासारखं काही नाही. पाकिटावर मात्र नाव लिहावंच लागतं, म्हणून लिहिते.

दोन्ही पाकिटांत तुम्ही पास झाल्याचं आणि जागा मिळाल्याचं लिहिलं आहे. अल्लाहची कृपा. वाचून झाल्यावर मी उठून हात धुतले आणि आभाराचा शुक्राना पढले.

आता तुम्ही विचारता, कुठलं घेऊ. दोन्ही कागद मी जेवणाच्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवून वाचले. शिमकेंतला सहा वर्षं, कारागांदाला सहा वर्षं. दोन्हीकडे शिकवणं रशियनमधून. दोन्हीकडे परदेशी मुलांना वेगळी फी, आणि परदेशी म्हणजे आपण. तुमच्या दादाने हे तीनदा विचारलं, की कझाकांच्या गावी जायला आपण परदेशी कधीपासून झालो. तो सैन्यात होता तेव्हा सगळा एकच देश होता. शिमकेंतची फी वर्षाला वीस डॉलर कमी, पण कारागांदाला होस्टेलात गादी आणि उशी मिळते, म्हणजे बरोबरीच झाली. इथेही खोलीत चार मुली, तिथेही चार. शिमकेंतला उन्हाळा फार, कारागांदाला हिवाळा फार. शिमकेंतची बस बिश्केकहून एका रात्रीची. कारागांदाला एक रात्र, एक दिवस आणि वर जे लागेल ते.

आणखी एक फरक आहे, तो तुम्हीच लिहिला आहे. शिमकेंतच्या अर्जात नुसता 'पालक' असा रकाना होता, तिथे तुम्ही आईंचं नाव घातलंत. कारागांदाच्या अर्जात 'आई, जन्मदाखल्याप्रमाणे' असं होतं, म्हणून नाइलाजाने माझं घालावं लागलं. आईला सांगू नकोस, तिला लागेल, असं तुमचं म्हणणं. नाही सांगणार. त्यांच्याकडून आलेल्या कागदावरही ते तसंच छापून आलं आहे. आधी तुमचं नाव, मग 'आई: असानोवा बुरुल', आणि खाली निळा गोल शिक्का. शिक्का थोडा नावावर आला आहे, पण वाचता येतं. नियमच आहे, तुम्ही तरी काय करणार.

आई वरच्या कुरणावर आहेत, सप्टेंबरशिवाय उतरणार नाहीत. गुरुवारी पिठाचा ट्रक वर जातो, त्यात जाऊन त्यांना दोन्ही कागद वाचून दाखवते. आई सांगेल तिथे जाईन असं तुम्ही लिहिलं आहे, ते बरोबरच आहे. फी त्यांच्या घोड्या विकून भरायची, तेव्हा बोलही त्यांचाच. मीसुद्धा रोज नमाजाच्या दोन रकात जास्त पढून कौल मागते आहे. तीन दिवस झाले, कौलाचं स्वप्न काही पडलेलं नाही. होकार कळवायची मुदत दोन्हीकडे एक ऑगस्टच आहे, तेव्हा उशीर करणार नाही.

तिथे बिश्केकच्या खानावळीत भांडी घासताना हातमोजे घालत जा. डॉक्टरचे हात आहेत.

तुमची वहिनी

अत-बाशी, २१ जुलै २००२

वन्संना सलाम.

गुरुवारी वर गेले, काल उतरले. पिठाच्या पोत्यांवर बसून गेले म्हणून ट्रकवाल्याने भाडं घेतलं नाही. आई बऱ्या आहेत. यंदा घोड्यांना दूध चांगलं आहे, दिवसभर चामड्याच्या बुधल्याशी बसून घुसळत असतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

आईंचं म्हणणं कारागांदा.

फार बोलल्या नाहीत. दोन्ही कागद ऐकले आणि सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला कारण विचारत नाहीत, मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. गादी-उशीचं त्यांना पटलं असावं. तेव्हा कारागांदाला उद्याच होकार पाठवा आणि शिमकेंतला नम्रपणे नाही म्हणून कळवा.

संमतीच्या कागदावर आईची सही मागितली होती. तिथे नाव माझं आहे म्हणून ती मी केली आहे, कागद सोबत आहे. आधी कोऱ्या कागदावर तीनदा करून पाहिली, तरी शेवटचं अक्षर ओळीखाली गेलं. चालेल ना ते विचारा. चालत नसेल तर दुसरा कागद पाठवा, परत करते.

निघण्यापूर्वी वर जाऊन आईंना भेटावं असं तुम्ही लिहिलं आहे. मला विचाराल तर नको. घाटात दरड आली आहे, ट्रक परत कधी जाईल त्याचा नेम नाही. जाण्यायेण्याचं भाडं, खानावळीचा बुडालेला आठवडा, हे सगळं मांडलं तर तेवढ्यात तुमचे आतून लोकर लावलेले बूट येतात, आणि कारागांदाला बुटांवाचून चालायचं नाही. आई काही मनात आणणार नाहीत. त्यांनी तुमच्यासाठी हात उघडून दुआ केली ती मी डोळ्यांनी पाहिली, ती तुम्हाला पोचली असं समजा. बिश्केकहून परस्पर निघा.

दादाने दोन घोड्या विकल्या. पैसे मी मोजून फडक्यात बांधून बसवाल्याबरोबर नव्हे, स्वतः दादाच्या हाती पाठवते आहे. तो पुढच्या सोमवारी येईल. तो घाईत असेल, त्याला फार विचारत बसू नका, त्याला त्यातलं काही माहीत नाही.

तुमची वहिनी

अत-बाशी, ३ नोव्हेंबर २००२

वन्संना सलाम.

तुमची तीन पत्रं पोचली. मी सवडीने उत्तर देते असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. आई सप्टेंबरअखेर खाली आल्या त्या खोकला घेऊनच. लोकर धुणं झालं, शेण्या भिंतीला लागल्या, बटाटे तळघरात गेले. परवा-तेरवा रोजे सुरू होतील. आईंना म्हटलं, या वर्षी तुम्ही धरू नका, मी तुमच्या वाटचे गरिबाला जेवण घालून फेडते. तर म्हणाल्या, "माझ्या वाटचं तू किती फेडशील." आणि हसल्या. चेष्टेत म्हणाल्या.

पार्सलात लोकरी मोजे दोन जोड, सुक्या दह्याचे गोळे, मेंढीच्या आतड्यात भरलेलं लोणी आणि कणकेचे तळलेले बोर्सोक आहेत. बोर्सोक आईंनी स्वतः लाटले, मी फक्त तळले. राइसाने वजन करताना पार्सलाचा वास घेतला आणि म्हणाली, कारागांदाचं सगळं होस्टेल आज सीमेवर येऊन उभं राहील.

तिकडे ऑक्टोबरातच बर्फ पडलं आणि कोळशाच्या धुराने दुपारपर्यंत काळं झालं, हे मी आईंना वाचून दाखवलं. मुडद्याच्या खोलीतलं नाही वाचलं. खोलीतल्या उराल्स्कच्या मुलीने तुम्हाला परदेशी म्हणून चिडवलं आणि तुम्ही तिला 'मग माझ्याकडचं लोणीही परदेशी आहे, खाऊ नकोस' म्हणालात, ते मात्र दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी आईंच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून.

तुम्ही विचारता की पत्रात आईचं म्हणून एकही वाक्य का नसतं. वन्सं, त्या सांगतात ते इतकंच असतं, की सलाम लिही, अंग झाकून राहा म्हणावं. त्यांना पत्रात बोलायची सवय नाही. वाईट वाटून घेऊ नका. रागावलेल्या नाहीत. का रागावतील?

विद्यापीठाच्या कचेरीतून मला पत्र आलं. 'आदरणीय असानोवा बुरुल, आपल्या मुलीने पहिल्या सहामाहीच्या चाचणीत चांगले गुण मिळवल्याबद्दल' असं. सगळ्यांच्या आयांना जात असेल. नाव रिकामं सोडून छापून घेतात आणि मग हाताने भरतात, शाईच्या रंगावरून कळतं. कुराणाच्या फडक्यात ठेवलं आहे, तिथे कागद दुमडत नाही म्हणून.

जानेवारीच्या सुट्टीत यायचं म्हणता. चाळीस तासांचा रस्ता, तोही बर्फात, आणि चार दिवस राहून परत तेवढाच. परीक्षा फेब्रुवारीत. मी तर म्हणते अभ्यास करा, उन्हाळ्यात निवांत या. आईंना मी समजावते.

तुमची वहिनी

अत-बाशी, १४ मार्च २००३

वन्संना सलाम.

आईंच्या चाळिसाव्याचं जेवण सोमवारी झालं. मेंढ्या तीन, तांदूळ, बोर्सोकला अर्धं पोतं पीठ. माणूस मोजलं नाही, पण भांडी शेजारची आणावी लागली. सगळ्यांनी तुमची चौकशी केली. परीक्षा आहे म्हणून सांगितलं.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून एक ओळ नाही. इथे होतात ते दोन दिवसही माझ्या हातचा चहा घेतला नाहीत, शेजारी जाऊन प्यालात. आईंचं मखमली जाकीट न विचारता नेलंत, ते ठीकच केलंत, ते तुमचंच. जाताना दारात फक्त एवढं विचारलंत, की मला कळवायला कुणी उशीर केला. त्याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही, घर माणसांनी भरलं होतं. आता देते.

कुणी उशीर केला नाही. आई ३० जानेवारीला, गुरुवारी पहाटे गेल्या. टपालकचेरी उघडायच्या आधी मी राइसाच्या घरी जाऊन तिला उठवलं, आणि साडेआठला तार गेली. तिची पावती आहे. त्यावर वेळ आहे.

मग अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा केला. थंडी इतकी, की खुंट्या मारायला आधी जमिनीवर निखारे पसरावे लागले. आईंना आत नेलं. बायका भिंतीकडे तोंड करून विलाप म्हणायला बसल्या. लेकीची जागा आईंच्या उशाशी असते, ती रिकामी ठेवली. मी सुनांच्या जागी होते. शुक्रवारी मुल्ला म्हणाले, मयताला ताटकळत ठेवणं बरं नाही, जुम्याच्या नमाजानंतर उचलूया. तुमचा दादा म्हणाला, लेक यायची आहे. शनिवारी मुल्ला परत म्हणाले. दादा म्हणाला, लेक वाटेत आहे. रविवारी दुपारी गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याला बाजूला घेतलं. लेकीसाठी तीन दिवस थांबतात, त्यापलीकडे आजवर कुणी थांबलेलं नाही. दादा आत आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "आता?" मी उशाशी रिकाम्या जागेकडे पाहिलं. तो समजला, बाहेर गेला, आणि आईंना उचललं.

तुमची बस बल्खाशच्या अलीकडे बर्फात दोन दिवस अडकली होती, हे आम्हाला तुम्ही मंगळवारी आलात तेव्हा कळलं. अल्लाहने पाठवलेलं बर्फ, त्याला कोण काय करणार.

उशाशी तुमची जागा शेवटपर्यंत कुणाला घेऊ दिली नाही, एवढं मी केलं. शेजारची एक बाई पाय अवघडले म्हणून तिथे सरकत होती, तिला मी उठवलं.

तब्येतीला जपा. लिहायचं नसेल तर निदान कचेरीतून गुणपत्रिका येऊ द्या, तुम्ही बऱ्या आहात हे त्यावरून कळेल.

तुमची वहिनी

अत-बाशी, २७ एप्रिल २००३

कुंदुझ,

नाव लिहिलं आहे. पाकिटावर नाही, आत. आता पुढचं लिहिते. आज 'तुम्ही' लिहिलं तर मला हे सांगता येणार नाही, म्हणून तसंही लिहीत नाही.

तुझं पत्र काल आलं. राइसाने ते चेष्टा न करता हातात दिलं. चुलीपाशी उभ्याने वाचलं. तू लिहितेस, मला कुणावर राग नाही, वहिनी, तारेची पावती दाखवायची गरज नव्हती. आणि मग लिहितेस, "आईनेच मला लांबचं सांगितलं. दोन्ही सारखी होती, एक जवळ होतं, आणि तिने लांबचं निवडलं. निघताना भेटायलाही बोलावलं नाही. मी तिच्या म्हातारपणचं मूल, सांभाळून दमली असेल. मला फक्त एवढंच कळत नाही, की मी तिला नकोशी कधी झाले."

हे वाक्य मी पाठ केलेलं नाही, समोर ठेवून उतरवते आहे. आता खरं काय झालं ते ऐक.

त्या गुरुवारी मी वर पोचले तेव्हा आई बुधल्याशी बसल्या होत्या. मी दोन्ही कागद वाचून दाखवले, जसे आहेत तसे. फक्त नावाचं वगळलं. त्यांनी घुसळायचं थांबवलंसुद्धा नाही. विचारलं, "जवळ कुठलं?" म्हटलं, शिमकेंत. तर म्हणाल्या, "मग मला विचारायला एवढ्या लांब कशाला आलीस? शिमकेंत. रात्री बसले की सकाळी तिच्या दारात. कारागांदाला माझी हाडं पोचायची नाहीत." आणि तुझ्या दादाला हाक मारून म्हणाल्या, तिथे सफरचंदं चांगली होतात म्हणे, मी गेले की पोतंभर घेऊन येईन. दादा हसला. त्याने ऐकलं होतं. म्हणूनच तुला लिहिलं, की त्याला फार विचारू नकोस.

शनिवारी मी ट्रकमधून उतरले ती शिमकेंत घेऊनच उतरले होते. रविवारी दुपारी लिहायला बसले. कारागांदाचा कागद परत एकदा काढला, पत्ता बरोबर घालावा म्हणून. त्यावर तुझं नाव आणि खाली माझं. तू झालीस तेव्हा दवाखान्यातल्या बाईने एकदा असं लिहिलं होतं, आणि तो दाखला आईंच्या पेटीत गेला. त्यानंतर सतरा वर्षं तुझ्या नावाखाली माझं नाव कुठेच आलं नाही. शाळेत आईंचं, लसीच्या कार्डावर आईंचं, आणि बक्षीस घ्यायला तू स्टेजवर गेलीस तेव्हा मास्तरांनी आईंना उठून उभं राहायला सांगितलं, मी मेरिमच्या वेळी पोटुशी, मागच्या बाकावर. मी कधी तोंड उघडलं नाही. रीत आहे, आणि आईंनी तुला माझ्यापेक्षा काकणभर जास्तच जपलं, हे मी अल्लाहसमोर सांगेन.

पण त्या कागदावर सहा वर्षं मी तुझी आई असणार होते. दरवर्षी शिक्क्यासकट. शिमकेंतच्या कागदावर नसणार होते. एवढाच फरक होता दोन्हींत. कौल मागून बारा दिवस झाले होते, स्वप्न पडलं नव्हतं, आणि मी मनात म्हटलं, स्वप्न पडलं नाही म्हणजे नको असंही सांगितलेलं नाही. आणि लिहिलं, आईंचं म्हणणं कारागांदा.

एकदा लिहिल्यावर तुम्हा दोघींना भेटू देणं मला परवडणारं नव्हतं. भाड्याचं आणि बुटांचं मांडलं ते त्यासाठी. दरड आली होती हे खरं, पण ती तीन दिवसांत काढली होती. जानेवारीचंही तसंच. ते मात्र मला सगळ्यात महाग पडलं. जानेवारीत तू आली असतीस तर त्या होत्या.

आईंना मी दुसऱ्या वेळी वर गेले तेव्हा सांगितलं, की तिने स्वतःच कारागांदा ठरवलं. त्यांनी घुसळायचं थांबवलं. मग म्हणाल्या, "शिकलेली आहे, तिला कळत असेल." आणि दादाला म्हणाल्या, तिसरी घोडीही काढ, थंड मुलुखात खर्च जास्त येतो. त्या घोडीचं दूध त्या स्वतः काढायच्या, ते तुला माहीत आहे. तुझ्या पत्रात त्यांचं वाक्य का नव्हतं, तर त्या रुसल्या होत्या. तुझ्यावर. माझ्यामुळे. दर वेळी पत्र वाचून झालं की विचारायच्या, जवळचं का नको झालं ते लिहिलं आहे का. मी म्हणायचे, नाही लिहिलं.

शेवटच्या बुधवारी, जायच्या आदल्या दिवशी, त्यांनी तुझं जुनंच पत्र पुन्हा वाचायला सांगितलं, लोण्याचं. वाचलं. त्यांना हसायला श्वास पुरला नाही. मग त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "ती सुखात आहे ना तिथे?"

मी म्हटलं, आहे.

"मग बरं झालं तिने माझं ऐकलं नाही."

कुंदुझ, तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मेरिम पाणी घेऊन आली, आणि आईंनी डोळे मिटले, आणि मला वाटलं उद्या सांगू. याहून जास्त मला माझ्या बाजूने काही लिहायचं नाही. तू तिला नकोशी कधीच झाली नाहीस. तुला लांब मी पाठवलं, त्यांनी नाही. आणि रविवारी दादाने 'आता?' म्हणून विचारलं तेव्हा तो मुल्लांचं विचारत नव्हता. त्याला जुलैपासून संशय होता. शिमकेंतहून निघाली असतीस तर शनिवारी सकाळी उशाशी बसली असतीस, हे आम्ही दोघांनी त्या तंबूत मनातल्या मनात मोजलं होतं. परवा मी त्याला सगळं सांगितलं. तो घोड्याला खरारा करत होता, तसाच करत राहिला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं जेवतो, पण बोलत नाही.

मुल्लांकडे गेले होते. ते म्हणाले, तौबा कर, अल्लाह माफ करणारा आहे. अल्लाह करेल. पण ज्याचं नुकसान झालं त्याने माफ केल्याशिवाय ते पुरं होत नाही, हेही तेच म्हणाले. दोघींपैकी एक तर आता विचारण्यापलीकडे गेली. तुझ्याकडे मी आज माफी मागत नाही. मागितली की तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि ते ओझं मला तुझ्यावर घालायचं नाही.

आता कामाचं. मार्चअखेर मी शिमकेंतच्या विद्यापीठाला पत्र लिहिलं होतं, तुला न विचारता. अभ्यास दोन्हीकडे इतका सारखा आहे, की पहिलं वर्ष जसंच्या तसं धरतो, दुसऱ्या वर्षाला थेट घेऊ, असं त्यांनी कळवलं आहे. फीही तीच. अर्ज सोबत जोडला आहे. त्यांच्याकडे तुझे पालक म्हणून अजून आईंचंच नाव आहे, ते आता चालत नाही, दुसऱ्या कुणाचं द्या म्हणतात. तो रकाना मी भरलेला नाही. दादाचं घाल. राइसा म्हणाली तिचं घातलंस तरी चालेल, ती सही करेल, आणि हे ती चेष्टेत म्हणाली नाही. सही कुठेही लागली तर मी ती गावच्या कचेरीतून करून आणून देईन, माझी नको असेल तर नको.

शिमकेंतला जायचं तर आता त्याचा काय उपयोग, असंही तुला वाटेल. ज्यांच्यासाठी ते जवळ होतं त्या राहिल्या नाहीत. कारागांदाला तुझ्या मैत्रिणी आहेत, तू तिथे रुळलीस. राहायचं असेल तर राहा. तिथल्या कागदावरून माझं नाव काढता येतं का तेही मी विचारलं. जन्मदाखला बदलल्याशिवाय येत नाही म्हणाले. दाखला बदलायला न्यायालयात जावं लागतं, दोघींनी. म्हणालीस तर येते.

या वेळी मी कौल मागितलेला नाही, आणि कुणाला विचारलेलंही नाही. जे ठरवशील ते तुझं. अर्जाची मुदत पंधरा जून आहे आणि टपालाला नऊ ते अकरा दिवस लागतात. राग असेल तर रागाचं लिही, लिहायचं काहीच नसेल तर शिमकेंत किंवा कारागांदा एवढा एकच शब्द लिही. सोबत तिकीट लावलेलं पाकीट घातलं आहे, त्यावर पत्ता घातला आहे, नाव घातलेलं नाही. तुला माझ्या नावाने लिहायचं नसेल तर दादाच्या नावाने लिही, मी उघडणार नाही, त्याच्याच हाती देईन. पण उलट टपाली कळव.

बुरुल